कमाटीबागेतील संग्रहालय

वस्तुसंग्रहालय म्हणजे जुन्या वस्तूंची कोठी, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. परंतु कोठीतील जिन्नस मालकाचा असतो. संग्रहालयातील वस्तूंवर तिकीट काढून आत येणाऱ्या प्रत्येकाचा हक्क असतो. हा भेद वडोदऱ्यास फार स्पष्ट दिसतो.

ज्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्यांनीच येथील कमाटीबागेत संग्रहालय उभारले. त्याची इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली. पुढे शेजारी चित्रदालन बांधले. तेही १९१४ मध्ये तयार झाले. तोच महायुद्ध पेटले, त्यासाठी घेतलेली चित्रे युरोपातच अडकली आणि दालन खुले व्हावयास १९२१ साल उजाडले. सात वर्षे भिंती चित्रांची वाट पाहत राहिल्या!

मुलांची पहिली धाव मात्र चित्रांकडे नसते. ती असते मही नदीच्या मुखाशी सापडलेल्या प्रचंड देवमाशाच्या सांगाड्याकडे. आमची त्यास मुळीच हरकत नाही. देवमाशाच्या ओढीने का होईना, मूल आत तर येते.

तथापि आम्हांस अधिक मोलाच्या वाटतात त्या अकोट्याच्या धातुमूर्ती. अकोटा हे पूर्वी वडोदऱ्याजवळचे गाव होते. आता तो शहराचाच भाग झाला आहे. १९५१ साली तेथे जमिनीत साठांहून अधिक जैन मूर्ती व उपकरणे सापडली. डॉ. उमाकांत शहा यांनी त्यांचा बारकाईने अभ्यास करून १९५९ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. यांतील जीवंतस्वामींची मूर्ती सहाव्या शतकातील आहे. जीवंतस्वामी म्हणजे दीक्षा घेण्यापूर्वीचे महावीर. मस्तकी मुकुट, अंगावर राजपुत्राचे अलंकार. परंतु शरीर ध्यानात निश्चल उभे. वैभव अजून सुटलेले नाही आणि मन मात्र केव्हाच त्यातून निघून गेले आहे, हा क्षण त्या अनाम कारागिराने धातूत नेमका पकडला आहे.

मूर्तीच्या पीठावर एक लेख आहे. ती नागीश्वरी नावाच्या श्राविकेने अर्पण केल्याचे तो सांगतो. ही कोणी राणी नव्हे. तिच्याविषयी इतिहासास दुसरे काही ठाऊक नाही. ज्या देवालयासाठी तिने मूर्ती दिली तेही उरले नाही. चौदाशे वर्षांनंतर तिचे नाव आपण उच्चारतो, ते या जपून ठेवलेल्या धातूमुळे आणि तो लेख वाचणाऱ्या विद्वानांमुळे. गुजराती, मराठी, जैन, मुसलमान, कोणीही असो, काचेपुढे उभा राहिला की ती त्याला आपला दानलेख सारख्याच शब्दांत सांगते.

देवालयातून निघून मूर्ती काचेच्या कपाटात आली, म्हणजे तिचे देवपण गेले की काय, असे काही वडीलधाऱ्यांस वाटते. शंका अगदीच निराधार नाही. पूजेतील फूल येथे नाही, आरतीही नाही. म्हणून एखादी आजीबाई त्या काचेपुढे हात जोडील, तर तिला कोणी हसू नये. तिच्याच शेजारी वही उघडून मुकुटाची नक्षी उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्यासही त्या जागी तितकाच अधिकार आहे.