फोटो एकीने काढला, पुढे सगळ्यांनी ढकलला

प्रश्न : वकीलताई, मी कळमना मार्केटात मापारी आहे. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत शिकते. गॅदरिंगच्या दिवशी वर्गखोलीत कपडे बदलताना तिच्याच मैत्रिणीने गंमत म्हणून मोबाइलवर फोटो काढला. पुढे दोघींचं बिनसलं आणि तो फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. सतरा वर्षांच्या एका पोराने मुलीच्या नावाने इन्स्टाग्रामवर खोटं खातं उघडलं आणि तोच फोटो कापून-जोडून, आणखी घाण करून टाकला. आता ट्यूशनमधला एकोणीस वर्षांचा मुलगा 'भेटायला ये, नाहीतर तुझ्या बापाला पाठवतो' म्हणून धमकावतो आहे. मुख्याध्यापक म्हणतात, पोरं लहान आहेत, माफीनामा लिहून घेतो, गावभर करू नका. पोरगी नीट जेवत नाही, कॉलेजात जात नाही. पोलिसात गेलो तर तिचंच नाव खराब होईल का? आणि पोरं अठराच्या आतली, त्यांना काही होतं का?
— एक वडील, कळमना

उत्तर : भाऊ, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. होतं. अठराच्या आतल्या मुलाने केलं म्हणजे तो गुन्हाच नाही, हा समज आपल्याकडे इतका घट्ट बसला आहे की शाळाही तो धरून चालते. वयामुळे न्यायालय बदलतं, शिक्षेची रीत बदलते. केलेलं कृत्य तेच राहतं, आणि ते ज्याचं त्याच्या नावावर वेगवेगळं लागतं.

मैत्रिणीपासून सुरुवात करू, कारण तिच्याबाबतीत ठाण्यात घोळ होण्याची शक्यता जास्त. चोरून चित्रण करण्याचा गुन्हा जुन्या दंड संहितेत फक्त पुरुषाला लागायचा; भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात तो 'जो कोणी' करेल त्याला, म्हणजे मुलीलाही लागतो. जुन्या समजावरून 'मुलीनेच मुलीचा फोटो काढला, त्यात काय' असं कुणी म्हटलं तर गप्प बसू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई कलमही 'जो कोणी' अशा शब्दांनी सुरू होतं. शरीराच्या खासगी भागाचं चित्र संमतीशिवाय काढणं, प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं, यांतली प्रत्येक गोष्ट त्यात येते. अंगावर अंतर्वस्त्रं असली तरी कलम लागतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि तुमच्या मुलीने त्या दिवशी हसत-खेळत फोटो काढू दिला होता, असं उद्या कुणी सांगितलं तरी खचू नका. काढायला दिलेली संमती ही पसरवायला दिलेली संमती होत नाही.

सतरा वर्षांच्या मुलाने केलं ते याहून गंभीर. फोटो मॉर्फ केलेला होता, म्हणजे खरा नव्हता, हा बचाव चालत नाही. पॉक्सो कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि बदल करून, जोडून बनवलेलं पण बालकाचंच वाटेल असं चित्रही व्याख्येत आलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-बी कलमाखाली पहिल्या खेपेलाच पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. पॉक्सोचं १४ वं कलम लागलं तर प्रौढ आरोपीला किमान पाच वर्षं. खोट्या खात्यासाठी ६६-सी आणि ६६-डी ही कलमं लावली जातात.

राहिला एकोणीस वर्षांचा. तो कायद्याने प्रौढ आहे. बालकाचं खरं किंवा बनावट चित्र पसरवण्याची धमकी देणं हा पॉक्सोच्या ११ व्या कलमाखाली लैंगिक छळ आहे आणि १२ व्या कलमात त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय न्याय संहितेतलं पाठलागाचं ७८, धाकदपटशाचं ३५१, आणि त्याने पैसे मागितले असतील तर खंडणीचं ३०८. फोटो त्याने काढला नाही, टाकला नाही, तरीही.

आता वयाचं सांगते. सतराचा मुलगा आणि मैत्रीण बाल न्याय मंडळापुढे जातील, एकोणीसचा विशेष पॉक्सो न्यायालयात. खटला एकत्र चालत नाही. प्रौढ आरोपी सोबत असल्यामुळे तुमच्या प्रकरणात एफआयआर व्हायलाच हवा. सगळेच अल्पवयीन असते आणि गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा नसती, तर नियमांप्रमाणे पोलीस स्टेशन डायरीत नोंद घेऊन मुलांच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे पाठवतात. पुष्कळ पालकांना वाटतं की पोलिसांनी गुन्हाच घेतला नाही. ती कायद्यानेच ठरवलेली पद्धत असते. मंडळ समुपदेशन सांगू शकतं, समाजसेवा करायला लावू शकतं, आईवडिलांना दंड भरायला लावू शकतं आणि गरज वाटली तर तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात ठेवू शकतं.

मुख्याध्यापकांना एक गोष्ट शांतपणे सांगा. पॉक्सोच्या १९ व्या कलमाप्रमाणे असा गुन्हा घडल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला २१ व्या कलमात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हे कागदावरचं कलम नव्हे. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात, माहिती असून कळवलं नाही म्हणून एका डॉक्टरवर गुन्हा झाला. नागपूर खंडपीठाने तो रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो पुन्हा उभा केला. आणि माफीनाम्याने हा विषय मिटत नाही. शिक्षकाने विद्यार्थिनीची छेड काढल्याच्या राजस्थानातल्या एका प्रकरणात दोन्ही घरांनी तडजोड केली, म्हणून उच्च न्यायालयाने एफआयआर रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो निर्णय उलटवला. शाळेचं नाव जपण्यासाठी पोरीला घरी बसवणं मला मान्य नाही, तुम्हीही मान्य करू नका.

नावाची भीती खरी आहे, पण कायद्याने तिचा बंदोबस्त केलेला आहे. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, साध्या कपड्यांत घ्यायचा असतो. तिला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. खटला बंद दाराआड चालतो. तिचं नाव, पत्ता, शाळा, फोटो छापता येत नाही, आणि ग्रुपवर टाकणाराही त्यातून सुटत नाही. तुम्ही कळमना पोलीस ठाण्यात जा किंवा शहराच्या सायबर ठाण्यात. 'हे आमच्या हद्दीत नाही' असं उत्तर चालत नाही. घटना कुठेही घडली असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती हातात आल्याशिवाय उठू नका. नोंदवायला नकार मिळाला तर टपालाने पोलीस उपायुक्तांकडे आणि तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

त्याआधी, आजच रात्री, पुरावा नीट ठेवा. यात होणाऱ्या चुकांनीच बरीच प्रकरणं पुढे लटकतात. त्या खोट्या खात्याचं वर दिसणारं नाव बदलता येतं, म्हणून प्रोफाइल उघडून तिची लिंक कॉपी करून लिहून ठेवा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. दुसऱ्या फोनने पहिल्या फोनचा व्हिडिओ काढा: खातं उघडताना, पोस्ट दिसताना, तारीख-वेळ दिसताना, सलग, मध्ये न थांबता. धमकी व्हॉट्सॲपवर आली असेल तर चॅटमध्ये त्या मुलाच्या नावावर टॅप केलं की नंबर दिसतो. तोही त्याच व्हिडिओत येऊ द्या. मूळ फोन जपून ठेवा. जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं की मूळ उपकरण मालकानेच न्यायालयात हजर करून सिद्ध केलं तर वेगळं प्रमाणपत्र लागत नाही. नुसती प्रत दिली तर लागतं. आता ते साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली द्यायचं असतं. पोलिसांनी फोन घेतला तर जप्ती पंचनाम्याची प्रत मागा.

एक मात्र करू नका. तो फोटो भावाला, मेव्हण्याला किंवा मुख्याध्यापकांना 'बघा, काय केलं' म्हणून पाठवू नका. बापाच्या हातून गेला तरी तो पाठवलेलाच असतो. फोनवर दाखवा, पुढे पाठवू नका.

इन्स्टाग्रामला तिथल्या तिथे तक्रार करा. अशी चित्रं तक्रार आल्यावर काढण्यासाठी २०२१ च्या नियमांनी कंपन्यांना २४ तासांची मुदत घालून दिली. पण व्हिडिओ करून झाल्यावरच तक्रार करा. मुलगी अठराच्या आतली असल्यामुळे 'टेक इट डाउन' ही मोफत सेवाही वापरता येईल. तिथे फोटो पाठवावा लागत नाही, त्याची डिजिटल खूण तेवढी जाते. वकिलाच्या फीची काळजी नको: स्त्रियांना आणि बालकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.

आणि भाऊ, तिचा मोबाइल काढून घेऊ नका. गुन्हा दुसऱ्यांनी केला आणि शिक्षा तिला, असं तिला वाटता कामा नये. ती जेवत नाही हे तुम्ही लिहिलं ते मी दोनदा वाचलं. 'तुझी काही चूक नाही' हे तुमच्या तोंडून तिला आज ऐकू द्या, आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर तिला बोलू द्या. तिथे मराठीत बोलता येतं.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत. वर्गाच्या ग्रुपचा ॲडमिन तोच. कुणीतरी एका मुलीचा तसला फोटो टाकला, याने दोघांना पुढे पाठवला. ठाण्यातून फोन आला. मिस्टर म्हणतात मोबाइल फॉरमॅट मारून टाकू. मुलाला फौजेत जायचं आहे. ॲडमिन म्हणून तो अडकेल का?
— एक आई, पारडी

उत्तर : ताई, फॉरमॅट अजिबात करू देऊ नका. पुरावा नाहीसा करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो केला तर तुमचे मिस्टर स्वतःच आरोपी होतील, तेही प्रौढ आरोपी. फोन बंद करून आहे तसा ठेवा आणि पोलिसांना द्या. असं चित्र पसरवण्यासाठी जवळ ठेवणं गुन्हा आहे. पुरावा म्हणून देण्यासाठी ठेवणं कायद्याने वेगळं काढलेलं आहे.

निव्वळ ॲडमिन असल्यामुळे तो अडकत नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव ठाण्यात अशीच एक तक्रार झाली होती: ग्रुपवर एका सदस्याने एका बाईबद्दल घाणेरडं लिहिलं आणि ॲडमिनने त्याला काढलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. ॲडमिन सदस्य घेऊ-काढू शकतो, कोण काय टाकणार हे त्याच्या हातात नसतं. दोघांचं आधीच संगनमत असेल तरच तो जबाबदार, असं न्यायालयाने म्हटलं.

पण तुमच्या मुलाने फोटो पुढे पाठवला. इथे ॲडमिनचा मुद्दा संपतो. त्याच्या बोटाने गेलेले दोन मेसेज त्याचेच आहेत, मूळ फोटो कुणी का टाकला असेना. हे कडू आहे, पण वकिलाला आणि मंडळाला त्याने ते खरंखरं सांगावं, यातच त्याचं हित आहे. त्या मुलीच्या घरी 'मिटवून टाका' म्हणायला जाऊ नका. त्याचा अर्थ दबाव असाच घेतला जातो.

त्याचे हक्कही तुम्हाला माहीत असू द्या. त्याला कोठडीत टाकता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. त्याच्याशी साध्या कपड्यातल्या बाल पोलीस अधिकाऱ्याने, तुमच्या समक्ष बोलायचं. ताब्यात घेतलंच तर २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं, आणि जामीन हा तिथे नियम आहे. फौजेचं म्हणाल तर बाल न्याय कायद्याचं २४ वं कलम तुमच्या बाजूने आहे: त्याच्या वयात मंडळाने दोषी धरलं तरी त्यामुळे पुढे कसलीही अपात्रता लागत नाही आणि अपिलाची मुदत उलटल्यावर कागदपत्रं नष्ट करायची असतात. त्याला सुधारायची पूर्ण संधी कायदा देतो. फॉरमॅट मारून ती घालवू नका.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला दुसऱ्या वर्षाला. बाबा कळमन्यात हमाल आहेत. त्यांचा पोतं पाठीवर घेतलेला फोटो लावून मुलांनी माझ्या नावाचा ग्रुप काढला आहे, रोज मीम टाकतात. अश्लील काही नाही. गुन्हा होतो का?
— एक विद्यार्थी

उत्तर : तुझ्या बाबतीत फौजदारी कायदा थोडा तोकडा पडतो. त्रासदायक मेसेजसाठी पूर्वी ६६-ए कलम होतं. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर, नोव्हेंबर २०१२ मध्ये, फेसबुकवरच्या एका पोस्टवरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली तेव्हा त्याचा गैरवापर देशाने पाहिला. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं, आणि ते योग्यच झालं. बदनामीचं ३५६ वं कलम आहे, पण तिथे पोलीस थेट गुन्हा नोंदवत नाहीत, खासगी फिर्याद घेऊन तुलाच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. मीममध्ये जातीवरून हिणवलं असेल आणि तू अनुसूचित जाती-जमातीचा असशील तर ॲट्रॉसिटी कायदा लागू शकतो; तसं असेल तर लगेच पुन्हा लिही.

तुझ्या हातातलं खरं हत्यार महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९. विद्यार्थ्याला मानसिक इजा होईल, लाज वाटेल, भीती वाटेल असं कोणतंही वर्तन त्यात रॅगिंग आहे, आणि ते संस्थेच्या आत असो वा बाहेर. खोलीवर बसून रात्री टाकलेलं मीमही म्हणूनच सुटत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्याला कॉलेजातून काढतात आणि पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश मिळत नाही. लेखी तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत प्राचार्यांनी चौकशी करायची, तथ्य दिसलं तर निलंबन करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. दुर्लक्ष केलं तर त्यांनी रॅगिंगला साथ दिली असं कायदा मानतो.

म्हणून तोंडी बोलू नकोस. ग्रुपचं नाव, सदस्यांचे नंबर आणि तारखेसह मीमच्या छापील प्रती जोडून प्राचार्यांच्या नावे अर्ज दे. यूजीसीच्या १८००-१८०-५५२२ या हेल्पलाइनवरही त्याच दिवशी तक्रार नोंदव. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसमधून बाहेर पडू नकोस. सात दिवस त्या तारखेपासून मोजायचे.