शर्यतीच्या पायऱ्या

(मोटारसायकलींच्या जागतिक शर्यतींत कोणीही एकदम वरच्या वर्गात पोहोचत नाही. खालच्या वर्गांत काही वर्षे काढावी लागतात. अशा काही स्वारांची, आणि मुंबईशी नाते असलेल्या एका मोटारसायकलीची हकिकत लेखकाने या पाठात सांगितली आहे.)

2016 सालच्या जून महिन्यातली गोष्ट. शाळा नुकतीच सुरू झाली होती. आमची शाळा जोगेश्वरीत आहे. बाहेर पाऊस कोसळत होता आणि छत्र्यांचे पाणी वर्गभर झाले होते. मराठीच्या तासाला मी एक नियम केला होता, की प्रत्येकाने रोज निदान एक बातमी मराठीत सांगायची. त्या सोमवारी शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे मराठीचे गुण बेताचेच होते आणि तो आपणहून कधी बोलत नसे. तो म्हणाला,

"सर, काल महिंद्रा जिंकला."

"कशात जिंकला? ट्रॅक्टरच्या शर्यतीत?" मी विचारले. सारा वर्ग हसला. तो मात्र हसला नाही.

"नाही सर. मोटारसायकलच्या. हॉलंडमध्ये."

"मोटारसायकल असेल तर 'जिंकली' म्हण," मी म्हणालो आणि पुढच्या मुलाकडे वळलो. घरी जाऊन पाहिले, तर बातमी खरी होती. 26 जून 2016 रोजी नेदरलँड्समधील ॲसेन या गावी 'मोटो-थ्री' वर्गाच्या जागतिक शर्यतीत फ्रान्चेस्को बान्याया हा एकोणीस वर्षांचा इटालियन तरुण पहिला आला होता. त्याच्या मोटारसायकलीवर नाव होते महिंद्राचे. भारतीय कंपनीच्या मोटारसायकलीने जागतिक शर्यत जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. ही बातमी मला माझ्या विद्यार्थ्याने सांगितली आणि मी तिच्यातले लिंग सुधारून मोकळा झालो!

महिंद्राचा कारखाना कांदिवलीला, आकुर्ली रोडवर आहे. त्या वेळी जोगेश्वरीहून लोकलने ते तिसरे स्टेशन होते. त्याच वर्षी डिसेंबरात राम मंदिर स्टेशन सुरू झाले, म्हणून आता ते चौथे. ही कंपनी 1945 साली निघाली तेव्हा तिचे नाव होते 'महिंद्रा अँड मोहम्मद'. महिंद्रा बंधूंचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. 1948 मध्ये कंपनीचे नाव बदलून 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. जीप आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या या कंपनीने 2008 मध्ये पुण्याच्या कायनेटिकचा दुचाकींचा व्यवसाय घेतला आणि 2011 पासून ती जागतिक शर्यतींत उतरली.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला जवळ बोलावले. त्याच्या मामूंचे एस. व्ही. रोडला दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज होते. शाळा सुटल्यावर तो तेथे हाताखाली काम करी. गॅरेजात एक जुना टीव्ही होता आणि रविवारी त्यावर शर्यती लागत. मी त्याला एक गोष्ट स्पष्ट सांगितली, की ही मोटारसायकल कांदिवलीत बनलेली नाही. शर्यतीच्या यंत्राचे काम इटली आणि स्वित्झर्लंडमध्ये झाले होते. संघ स्पेनचा, स्वार इटलीचा. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण नाव तर आपलेच आहे ना, सर?"

त्यानंतर मीच त्याचा विद्यार्थी झालो. जे शिकलो ते तुम्हांला सांगतो.

जागतिक शर्यतींत तीन वर्ग असतात. सर्वांत खाली मोटो-थ्री. यात 250 सीसीचे, एकाच सिलिंडरचे इंजिन असते. त्यावर मोटो-टू. यात 2019 पासून सर्वांना ट्रायम्फ कंपनीचे 765 सीसीचे सारखेच इंजिन दिले जाते. सर्वांत वर मोटोजीपी. येथे 1000 सीसीची यंत्रे आली ती 2012 मध्ये. 2027 पासून ती 850 सीसीची करायची असे ठरले आहे. वरच्या वर्गातल्या वेगाची कल्पना यावी म्हणून एकच आकडा देतो: 2023 मध्ये इटलीतील मुजेलो येथे ब्रॅड बाइंडर या दक्षिण आफ्रिकेच्या स्वाराने ताशी 366.1 किलोमीटर वेग गाठला. मुख्य शर्यतीत पहिल्याला 25 गुण, दुसऱ्याला 20, तिसऱ्याला 16, असे करत पंधराव्याला 1 गुण मिळतो. सोळाव्याला काहीच नाही.

मला विचाराल तर पाहायला सर्वांत मजेदार वर्ग मोटो-थ्रीचा. इंजिने लहान आणि ताकदीने जवळजवळ सारखी. त्यामुळे कोणी एकटा पुढे निसटू शकत नाही. दहा-पंधरा जण थव्याने धावतात. पुढचा स्वार हवा कापत जातो आणि त्याच्या पाठीमागे हवेचा विरोध कमी होतो. मागचा त्या आडोशात दडून वेग वाढवतो आणि शेवटच्या क्षणी बाजूला सरकून पुढे जातो. म्हणून शेवटच्या वळणापर्यंत पहिला असलेला स्वार शेवटी पाचवा येऊ शकतो. कधी पुढे जायचे आणि कधी मुद्दाम मागे राहायचे, हे येथे शिकावे लागते. वळणावर मोटारसायकल इतकी झुकते की गुडघाच नव्हे, कोपरही जमिनीला घासते.

आता बान्यायाकडे येऊ. तो 2013 मध्ये मोटो-थ्रीत आला. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्या संपूर्ण हंगामात त्याला एकही गुण मिळाला नाही. एकही नाही! वर्गात मी हे सांगितले तेव्हा मुलांना खरे वाटेना. पुढच्या वर्षी त्याने 50 गुण मिळवले. 2015 मध्ये तो आस्पार संघात महिंद्राच्या मोटारसायकलीवर बसला आणि फ्रान्समध्ये, ल माँ येथे तिसरा आला. 2016 मध्ये ॲसेन जिंकले, त्याच वर्षी मलेशियातील सेपांग जिंकले आणि एकूण क्रमवारीत तो चौथा आला. मग मोटो-टूमध्ये दोन वर्षे. त्यांतल्या दुसऱ्या वर्षी, 2018 मध्ये, तो विश्वविजेता. 2019 मध्ये मोटोजीपी. तेथेही पहिली शर्यत जिंकायला त्याला 2021 उजाडले. 2022 च्या हंगामाच्या मध्याला तो आघाडीच्या स्वारापेक्षा 91 गुणांनी मागे होता. तरी वर्षाअखेर विजेता तोच ठरला. 2023 मध्येही तोच.

आस्पार संघात त्याच्या शेजारी महिंद्रावर आणखी एक मुलगा असे, माद्रिदचा होर्खे मार्तिन. या खेळाला पैसा फार लागतो. मोटारसायकल, टायर, प्रवास, सगळा खर्च बापाच्या खिशातून. ज्याच्या बापाचा खिसा रिकामा, त्याने काय करावे? त्यासाठी युरोपात 2007 पासून 'रूकीज कप' नावाची स्पर्धा आहे. निवड झालेल्या मुलांना मोटारसायकल आणि पोशाख फुकट मिळतो, आणि सर्वांची यंत्रे सारखी असतात. मार्तिन 2014 मध्ये तो कप जिंकला आणि त्या जोरावर मोटो-थ्रीत आला. 2016 मध्ये चेक देशातील ब्रनो येथे भर पावसात तो दुसरा आला. गंमत अशी, की त्या शर्यतीत पहिल्या आलेल्या मोटारसायकलीवर 'प्युजो' असे नाव होते. पण ती आतून महिंद्राच होती. प्युजोच्या दुचाकी कंपनीतला मोठा हिस्सा महिंद्राने घेतला होता.

वर सांगितलेला तो ताशी 366 किलोमीटरवाला बाइंडर आठवतो ना? तोही 2014 मध्ये महिंद्रावरच होता. पोर्तुगालचा मिगेल ओलिव्हेरा 2013 मध्ये सेपांगला तिसरा आला. महिंद्राला पहिल्या तिघांत बसवणारा तो पहिला. पुढे हे दोघेही मोटोजीपीच्या शर्यती जिंकले.

2017 च्या अखेरीस महिंद्राने ही स्पर्धा सोडली. माझा विद्यार्थी तेव्हा नववीत होता. दोन दिवस तो कोणाशी नीट बोलला नाही.

तो बारावीत असताना एका रात्री त्याच्या मामूंचा मला फोन आला. मुलगा रुग्णालयात होता. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर रात्री दोन वाजता मित्रांत शर्त लागली होती. त्याच्याकडे परवाना नव्हता, मोटारसायकल दुसऱ्याची होती. समोरच्या रिक्षाला चुकवताना ती दुभाजकावर आदळली. मांडीचे हाड मोडले. दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि आत सळई बसवली. मी भेटायला गेलो तेव्हा रागावण्याची तयारी करून गेलो होतो. त्याच्या अम्मी बाजूला बसल्या होत्या. त्याने मला पाहिले आणि स्वतःच म्हणाला, "सर, तिथे वळणाबाहेर खडी असते. इथे दुभाजक असतो."

रागवायला मला काही उरले नाही. त्याला सर्व माहीत होते. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात. वळणाबाहेर मोकळी जागा असते, तिच्यातली खडी घसरणाऱ्याचा वेग मारते. स्वाराच्या कातडी पोशाखात हवेची पिशवी असते आणि पडताक्षणी ती फुगते. 2018 पासून ती सक्तीची आहे. डॉक्टर तयार असतात. एवढे असूनही माणसे जातात. मे 2021 मध्ये मुजेलो येथे मोटो-थ्रीचा स्विस स्वार जेसन डुपास्किये पडला. तो एकोणीस वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी तो वारला.

पण रुग्णालयातून परतताना एक प्रश्न मला सुटेना. हायवेवर जाऊ नको, हे मी त्याला शंभर वेळा सांगू शकतो. जा कुठे, हे कसे सांगू? स्पेनमध्ये आणि इटलीत पाच-सहा वर्षांची मुले छोट्या मोटारसायकलींवर छोट्या ट्रॅकवर शिकतात. आपल्याकडे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक आहे, कोइमतूरजवळ करीला आहे, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला 2011 पासून बुद्ध सर्किट आहे. म्हणूनच 2011 मध्ये 125 सीसीच्या जागतिक स्पर्धेत उतरलेला सरथ कुमार चेन्नईचा. 2023 मध्ये भारतातल्या शर्यतीसाठी मोटो-थ्रीत खास प्रवेश मिळालेला के. वाय. अहमद हाही चेन्नईचाच. मुले तिथली जास्त शूर आहेत असे नाही, तिथे ट्रॅक आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूर या भागांत मातीवरच्या शर्यती होतात. आमच्या उपनगरांत तर पोरांना क्रिकेटसाठीसुद्धा मैदान मिळत नाही.

24 सप्टेंबर 2023 रोजी मोटोजीपीची शर्यत पहिल्यांदा भारतात झाली, बुद्ध सर्किटवर. तो आता मामूंच्या गॅरेजातला मुख्य कारागीर आहे. किंचित लंगडतो, पण इंजिनचा आवाज ऐकून दोष सांगतो. त्याने मला बोलावले. टायरांच्या ढिगावर मोबाइल उभा केला होता. मामू, दोन शिकाऊ पोरे आणि मी स्टुलांवर बसलो. उन्हाच्या तापामुळे 24 ऐवजी 21 फेऱ्याच ठेवल्या होत्या. मार्को बेझेक्की सुरुवातीलाच पुढे गेला तो गेलाच. बान्याया मधेच घसरून पडला, तेव्हा शिकाऊ पोरांतला एक ओरडला. उन्हाने बेजार झालेल्या मार्तिनने शेवटच्या फेरीत गेलेली दुसरी जागा परत मिळवली.

"सर," तो म्हणाला, "बेझेक्कीपण 2017 मध्ये महिंद्रावरच होता. जपानमध्ये तिसरा आला होता. म्हणजे आज पहिला आपला आणि दुसराही आपला."

"आणि तिसरा?"

"क्वार्तारारो. तो नाही." मग जरा थांबून म्हणाला, "आज महिंद्रा जिंकली, असे म्हणता येईल का, सर?"

"नाही," मी म्हणालो. "पण व्याकरण बरोबर आहे."

2024 मध्ये भारतातली शर्यत झाली नाही. त्या वर्षी बान्यायाने मुख्य शर्यती अकरा जिंकल्या, मार्तिनने तीनच. पण मार्तिन जवळजवळ प्रत्येक वेळी गुण मिळवत राहिला. 17 नोव्हेंबरला बार्सिलोनात शेवटची शर्यत झाली. त्या रात्री माझा फोन वाजला. तो होता.

"सर, मार्तिन. दहा गुणांनी. आता दोघेही झाले."

मागे कोणीतरी मोटारसायकलीला किक मारत होते आणि ती सुरू होत नव्हती. "ठेवतो सर, गिऱ्हाईक आहे," असे म्हणून त्याने फोन ठेवला.

शब्दार्थ : हकिकत - घडलेली गोष्ट. हंगाम - स्पर्धेचा वर्षातील काळ. आडोसा - आड, ओट. दुभाजक - रस्त्याचे दोन भाग करणारी भिंत. बेजार - हैराण.

स्वाध्याय : (1) बान्याया पहिल्या हंगामापासून विश्वविजेता होईपर्यंत कोणकोणत्या वर्गांत खेळला, ते क्रमाने लिहा. (2) मोटो-थ्रीच्या शर्यतीत शेवटपर्यंत चुरस का राहते? (3) "सर, तिथे वळणाबाहेर खडी असते. इथे दुभाजक असतो." हे कोण, कोणास, केव्हा म्हणाले? (4) 'महिंद्रा जिंकला' हे वाक्य लेखकाने का सुधारले? (5) 'शर्यत', 'मैदान', 'स्वार', 'हकिकत' हे शब्द उर्दूत कसे बोलतात व कोणत्या अर्थाने वापरतात, ते लिहा. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा. (6) तुमच्या घराजवळ खेळायला कोणती जागा आहे? तिच्याविषयी आठ ओळी मराठीत लिहा.