मूल घरी राहावे म्हणून



आईवडिलांच्या पिण्यामुळे मुलांची आबाळ होऊ लागली, तर प्रकरण बालकल्याण समितीपुढे जाऊ शकते. आपल्या धर्मग्रामातल्या एखाद्या घरावरही ही वेळ येऊ शकते. अशा वेळी आपण बहुधा कुजबुजतो, नाहीतर दुर्लक्ष करतो. त्या घराला गरज असते ती सोबतीची. ती कशी द्यावी, हे आज आपण पाहू.

१. समितीला घाबरून लपू नये. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे तत्त्व असे आहे, की मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची. संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय. म्हणून घरी चौकशीला येणाऱ्या समाजसेविकेला खरे सांगावे. लपवलेले पिणे पुढे उघडे पडतेच आणि विश्वासही जातो. उपचार सुरू केल्याचे कागद मात्र समितीला दाखवता येतात.

२. पिणे मोजावे. ‘मी एकच क्वार्टर घेतो,’ असे पुष्कळ जण म्हणतात. १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे ३० मिलिलिटरचे सहा पेग. स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे जवळपास चार पेग. कधी, किती आणि कोणाबरोबर घेतली, हे रोज वहीत लिहावे. बहुधा पगाराचा दिवस, ठरावीक मित्र आणि रिकामी संध्याकाळ यांवर बोट येते. त्या वेळेसाठी दुसरे काम आधीच ठरवावे. मुले सांभाळायची जबाबदारी आपल्यावर असेल, तेव्हा एक थेंबही घेऊ नये.

३. रोज भरपूर पिणाऱ्याने मनाने एकदम बंद करू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, फिट येणे, भ्रम होणे असा त्रास होऊ शकतो. तो जिवावरही बेततो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हे मोफत दूरध्वनी क्रमांक आहेत. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा विनामूल्य असतात. घरच्यांसाठी अल-ॲनॉन आहे.

डब्लिनचा हमाल मॅट टाल्बट कोवळ्या वयापासून पीत असे. १८८४ साली त्याने शपथ घेतली ती फक्त तीन महिन्यांची. मग ती वाढवत नेली आणि १९२५ साली मरेपर्यंत, ४१ वर्षे, तो प्यायला नाही. १९७५ साली पोप पौल सहावे यांनी त्याला वंदनीय घोषित केले. मोठा निश्चय लहान मुदतीने सुरू होतो, हे आपण त्याच्याकडून शिकावे.

आता आपल्याकडे वळू. स्नानसंस्कार असो वा लग्न, मांडवात बाटली आलीच पाहिजे, असे आपणच ठरवून टाकले आहे. सोडू पाहणाऱ्याला ‘आज एकच घे’ म्हणणारेही आपणच. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप मुलगा दूर असतानाच धावत गेला; चौकशी करत उंबऱ्यावर थांबला नाही. आपणही तसे धावू या. वडील उपचाराला गेले असता मुलांना शाळेत सोडणे, जेवणाचा डबा देणे, आईबरोबर समितीपुढे जाऊन बसणे, एवढे तर आपल्याला जमेल.

समूहात चर्चेसाठी :
१. आपल्या समूहातील पुढचा समारंभ दारूविना करायला आपण तयार आहोत का?
२. अशा घरातील मुलांसाठी या आठवड्यात आपण कोणते एक काम करू?

हे प्रभू, तुटू पाहणारी घरे सांधण्यासाठी आमचे हात वापर. आमेन.