बाहेर खाताना गहू कसा टाळावा?

प्रश्न : माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक आजार आहे. प्रवासात, हॉटेलात तिला काय द्यावं?

उत्तर : उपवासाचे पदार्थ सर्वांत सोयीचे : साबुदाणा खिचडी, वरीचे तांदूळ, राजगिऱ्याचा लाडू. त्यांत गहू नसतो, हिंगही सहसा नसतो. बाजारातल्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. म्हणून इडली चालली तरी सांबाराची चौकशी करा. साबुदाणावडा समोशाच्या कढईत तळला असेल तर नको. थालीपिठाच्या भाजणीत बरेचदा गहू असतो, रवा डोशात तर असतोच. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ (ग्लुटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन) पाहा. भारतात त्यासाठी ग्लुटेनची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे. पिशवीत भाजलेले शेंगदाणे, केळी, घरचा चिवडा ठेवा. ‘थोडंसं चालतं’ म्हणणाऱ्यांना ठाम नकार द्या. थोड्याशा ग्लुटेननंही तिच्या आतड्याला इजा होऊ शकते.