न गोठणारे चुंबक आणि त्रिकोणाचा नियम

बर्फ तापवले की त्याचे पाणी होते. याला अवस्थांतर म्हणतात. चुंबकातही असेच घडते. लोखंडाचा प्रत्येक अणू म्हणजे जणू एक सूक्ष्म चुंबकच. हा गुण त्याला मुख्यतः इलेक्ट्रॉनांच्या 'परिवलना'मुळे लाभतो. लोखंड सुमारे 770° सें.च्या वर तापवले, की या परिवलनांची शिस्त मोडते. थंड केल्यास ती पुन्हा लागते.

परंतु केवल शून्यापाशी, म्हणजे उणे 273.15° सें.पाशीही ही शिस्त लागलीच नाही तर? त्या अवस्थेला 'पुंज परिवलन द्रव' म्हणतात. पदार्थ घनच असतो. द्रवासारखी अस्थिर असतात ती परिवलने. ही कल्पना फिलिप अँडरसन यांनी 1973 साली मांडली.

2006 साली अलेक्सी किताएव्ह यांनी अशा द्रवाची एक प्रतिकृती गणिताने अचूक सोडवली. मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी जाळी डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक कोपऱ्यावर एक अणू आणि त्याला तीन शेजारी. हे तिघे त्याचे परिवलन परस्परांना लंब अशा तीन अक्षांवर खेचतात. तिघांचेही समाधान एकाच वेळी कसे होणार? म्हणून शिस्त लागत नाही.

आता गंमत पाहा. या तीन ओढींची बले 3, 4, 5 अशी असली, तर कितीही अल्प ऊर्जेने हा द्रव उत्तेजित होतो. ती 2, 3, 7 असली, तर मात्र ऊर्जेचा एक उंबरठा ओलांडावा लागतो. म्हणजे द्रव दोन प्रकारचे! त्यांची सीमा कोणती? त्या लांबीच्या तीन काड्यांचा त्रिकोण होतो की नाही, एवढेच पाहायचे. भूमितीत शिकलेला नियमच येथे अवस्थांतर ठरवतो. हे अवस्थांतर उष्णतेने नव्हे, तर बलांचे प्रमाण बदलल्याने होते. दोन्हींकडे परिवलने बेशिस्तच. त्यामुळे नुसत्या मांडणीवरून भेद कळत नाही. अतिशीत स्थितीत पदार्थ किती उष्णता शोषतो, हे मोजून उंबरठ्याचा सुगावा लागतो.

प्रत्यक्षातील पदार्थ इतके सरळ नसतात. रुथेनियम ट्रायक्लोराइडची जाळी अशीच षट्कोनी आहे, पण सुमारे 7 केल्विनखाली त्यात शिस्त येते. 7 ते 8 टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात ती नाहीशी होते. त्यापुढची अवस्था खरोखर परिवलन द्रव आहे का, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

आता तुम्ही सांगा : बले 4, 4, 7 असतील तर उंबरठा असेल का? आणि 4, 4, 9 असतील तर?