थोडे आवाज, पुरी स्तुती

मिस्साला चार-पाचच गायक आले की आम्ही खट्टू होतो. अशा वेळी जर्मन संगीतकार हाइनरिख शुट्झ (१५८५-१६७२) आम्हाला धीर देतात. ते लुथरपंथीय, पण संगीत शिकले व्हेनिसच्या कॅथलिक जोव्हानी गॅब्रिएलींकडे.

तीस वर्षांच्या युद्धात (१६१८-१६४८) जर्मनीतील गायकवृंद विस्कटले. तेव्हा शुट्झ यांनी एक ते पाच आवाज व ऑर्गन पुरेल अशा भक्तिरचना १६३६ आणि १६३९ साली छापून घेतल्या. पुढे १६४८ साली त्यांनी पाच ते सात आवाजांसाठी २९ मोटेट प्रसिद्ध केली व लाइपझिगची नगरसभा आणि तेथील गायकवृंदाला अर्पण केली. तेव्हा वरच्या पट्टीत मुलगे गात. आज स्त्री-पुरुषांचे मिश्र वृंद तीच मोटेट गातात.

यातून आपण काय शिकावे? गायक कमी होते तेव्हा त्यांनी गाणे थांबवले नाही, आहेत तेवढ्यांना पेलेल असे लिहिले. आणि दिवस पालटू लागताच थोडक्यावर समाधानही मानले नाही. छापलेले पान उद्याच्या गायकाची वाट पाहते. आपल्या गायनमंडळातली रिकामी जागाही कोणाची तरी वाट पाहत आहे. ती आपली तर नव्हे?