बचतीतून फेड : ऊर्जाबचतीच्या कर्जयोजनांचे मूल्यमापन

कर्जाचे उत्पादक आणि अनुत्पादक असे दोन प्रकार अर्थशास्त्राच्या वर्गात आपण पहिल्याच वर्षी शिकतो. विहिरीसाठी काढलेले कर्ज उत्पादक आणि लग्नासाठी काढलेले अनुत्पादक, हे उदाहरणही पाठ झालेले असते. ऊर्जाबचतीसाठी काढलेले कर्ज मात्र या दोन खणांपैकी कोणत्याच खणात नीट बसत नाही. त्यातून नवे उत्पन्न निर्माण होत नाही. जो खर्च झाला असता तो होत नाही, एवढेच. आणि कर्जाची फेड करावयाची ती या ‘न झालेल्या’ खर्चातून. खतावणीत जमा झालेला पैसा मोजता येतो; पण जो खर्च झालाच नाही तो कोणत्या खात्यावर मांडावयाचा? अशा योजनांची तुलना करताना हाच प्रश्न निरनिराळ्या वेषांत पुन्हा पुन्हा पुढे येतो.

वर्तमानपत्रांतून आणि सरकारी अहवालांतून या योजनांचे यश सहसा दोन आकड्यांत सांगितले जाते : किती कर्जे दिली आणि व्याजदर किती होता. माझ्या मते हे दोन्ही आकडे फार तोकडे आहेत. ते का, हे पाहण्यासाठी आधी ब्रिटनकडे वळू.

ब्रिटनमध्ये जानेवारी २०१३ मध्ये ‘ग्रीन डील’ नावाची योजना सुरू झाली. घराच्या भिंतींना उष्णतारोधक थर द्यावा, जुना बॉयलर बदलावा आणि त्याचा खर्च वीजबिलातून हप्त्याहप्त्याने फेडावा, अशी तिची मांडणी. कर्ज माणसाच्या नावावर नव्हे, तर घराच्या वीजमीटरवर; घर विकले तर उरलेले हप्ते नव्या मालकाकडे. शिवाय एक ‘सुवर्णनियम’ होता : हप्ता अपेक्षित बचतीपेक्षा अधिक असता कामा नये. कागदावर यापेक्षा देखणी योजना सापडणे कठीण. प्रत्यक्षात काय झाले? व्याजदर सात-आठ टक्क्यांच्या घरात किंवा त्याहून अधिक राहिला, कागदपत्रांची कटकट मोठी होती, आणि दुसऱ्याने काढलेल्या कर्जासह घर विकत घेण्यास गिऱ्हाईक कचरेल ही भीतीही होती. जुलै २०१५ मध्ये सरकारने निधी बंद केला. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने एप्रिल २०१६ च्या अहवालात हिशेब मांडला तो असा : सरकारी तिजोरीतून सुमारे २४ कोटी पौंड गेले, आणि कर्जे झाली जेमतेम १४ हजार, म्हणजे दर कर्जामागे सुमारे १७ हजार पौंड. एवढ्या रकमेत कित्येक घरांचे काम कर्जाशिवाय, फुकट करून देता आले असते.

जर्मनीतील ‘केएफडब्ल्यू’ या सरकारी बँकेची पद्धत निराळी. ही बँक स्वतः गिऱ्हाइकाच्या दारात जात नाही. ज्या बँकेत त्याचे नेहमीचे खाते आहे तिच्यामार्फतच स्वस्त कर्ज पोहोचते. इमारतींच्या दुरुस्तीसाठीची तिची मोठी योजना २००१ पासूनची. तिच्या पुढच्या रूपांत घराला ८५, ७०, ५५ असे क्रमांक असत. ठरावीक प्रमाण इमारतीच्या तुलनेत शंभरातला केवढा वाटा ऊर्जेचा लागतो, ते हा क्रमांक सांगतो. क्रमांक जितका लहान, तितकी कर्जातली अधिक रक्कम माफ. येथे बक्षीस कर्ज काढल्याबद्दल नाही, काम चांगले केल्याबद्दल आहे, आणि मला हा फरक फार मोलाचा वाटतो. दोषही सांगितला पाहिजे. ही उदारता सर्वस्वी सरकारी अंदाजपत्रकावर तोललेली असते. २४ जानेवारी २०२२ रोजी अर्जांचा पूर आला म्हणून सरकारने योजना एकाएकी थांबवली, तेव्हा ज्यांनी नकाशे काढून, गवंडी ठरवून ठेवले होते ते अधांतरी लटकले.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने २००८ मध्ये तिसरी वाट काढली : कर्जाची वसुली मालमत्ताकरातून. कराची थकबाकी घराच्या तारणकर्जाच्याही आधी वसूल होत असल्याने सावकार निर्धास्त झाला. पण नेमक्या याच कारणाने गृहकर्जांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने २०१० मध्ये हरकत घेतली. पुढे दारोदार फिरणाऱ्या ठेकेदारांनी वृद्ध आणि अल्पशिक्षित घरमालकांकडून सह्या घेतल्याच्या तक्रारी वाढल्या. लॉस एंजेलिस काउंटीने तर २०२० मध्ये घरांसाठीची ही योजना बंदच केली. सावकाराची सुरक्षितता आणि ऋणकोची सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडील सावकारीचा इतिहास वाचलेल्यास नव्याने सांगावे लागणार नाही.

आता व्याजदराविषयी. आमच्या घरची पिठाची गिरणी आहे. तिची दहा अश्वशक्तीची मोटर अनेकदा वायंडिंग करून घेतलेली, थोरल्या भावाने मला विचारले, “तू अर्थशास्त्र शिकतोस ना, मग सांग, नवी मोटर कर्ज काढून घ्यावी की नाही?” मी कागद घेऊन बसलो. जुन्या मोटरची कार्यक्षमता ८२ टक्के आणि नवीची ९० टक्के धरली. मोटरवर पाऊण भार, रोज सहा तास, वर्षाचे तीनशे दिवस आणि आठ रुपये युनिट या हिशेबाने वर्षाला सुमारे ११०० युनिटे, म्हणजे ८,८०० रुपयांच्या आसपास बचत होते. मोटरची किंमत ४० हजार धरू. बारा टक्क्यांनी चार वर्षांचे कर्ज काढले, तर वर्षाचे हप्ते होतात १२,६४० रुपयांचे. बचतीतून फेड होत नाही. समजा सरकारने कृपा करून व्याज निम्मे, म्हणजे सहा टक्के केले, तर? हप्ते ११,२७० च्या घरात येतात. अजूनही बचतीपेक्षा जास्तच. पण व्याज बाराच टक्के ठेवून मुदत सात वर्षांची केली, तर वर्षाचे हप्ते ८,४७० वर उतरतात आणि बचतीत बसतात.

म्हणजे व्याजदर निम्मा करून जे साधले नाही ते मुदत वाढवून साधले. अर्थात फुकट नाही : चार वर्षांत सहा टक्क्यांनी एकूण ४५ हजार भरावे लागतात, तर सात वर्षांत बारा टक्क्यांनी ५९ हजारांवर. ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याने एकूण रक्कम पाहावी; ज्याची ओढाताण महिन्याच्या महिन्याला आहे तो हप्ताच पाहणार. कोणत्या ऋणकोसाठी ही योजना आहे, हे आधी न विचारता दोन योजनांचे व्याजदर शेजारी शेजारी मांडणे म्हणूनच व्यर्थ होय. आणि गिरणी सहाऐवजी चारच तास चालली तर बचत ५,९०० वर येते, मग सात वर्षांची मुदतही पुरत नाही. भावाला मी म्हटले, “दादा, आधी दोन महिने रोज किती तास मोटर चालते ते वहीत लिही.” वही सध्या गिरणीत खिळ्याला टांगलेली आहे.

हा ‘किती तास’चा प्रश्न क्षुल्लक नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात फाउली, ग्रीनस्टोन आणि वुल्फ्रम या तीन अर्थशास्त्रज्ञांनी गरीब कुटुंबांच्या घरदुरुस्तीच्या सरकारी योजनेचा अभ्यास केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे कर्जाचा प्रश्नच नव्हता, काम फुकट होते. त्यांनी सुमारे ३० हजार कुटुंबांतून काहींना चिठ्ठ्या टाकाव्या तसे यदृच्छेने निवडले, योजनेत येण्यास खास प्रोत्साहन दिले, आणि मग सगळ्यांची बिले ताडून पाहिली. इंजिनियरांच्या गणिताने जी बचत अपेक्षित होती ती प्रत्यक्षातल्या बचतीच्या तिपटीहून अधिक निघाली, आणि खर्च बचतीच्या सुमारे दुप्पट. सुवर्णनियम अपेक्षित बचतीवर बेतला, तर हप्ता खरा आणि बचत कागदी अशी गत होऊ शकते.

आपल्याकडील सर्वांत गाजलेला प्रयोग म्हणजे ‘उजाला’. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. आरंभी दहा रुपये रोख आणि बाकीची रक्कम वीजबिलातून दरमहा दहा-दहा रुपये, अशी सोय होती. पण यशाचे श्रेय हप्त्यांना द्यावे असे मला वाटत नाही. एकगठ्ठा खरेदीमुळे बल्बची खरेदीकिंमत २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आली. अडतीस रुपयांच्या वस्तूला कर्ज कशाला हवे? येथे बचतीचे जे मोठे आकडे सांगितले जातात ते दर बल्बमागे ठरावीक बचत गृहीत धरून काढलेले असतात. साठ वॅटचा पिवळा बल्ब काढून नऊ वॅटचा लावला आणि तो रोज चार तास जळला, तर वर्षाला सुमारे ७४ युनिटे वाचतात. तोच बल्ब चौदा वॅटच्या सीएफएलच्या जागी लावला तर अवघी सात. बल्ब एक, बचतीत दसपटीचा फरक. आणि ज्याने योजना नसतीही तरी यथावकाश एलईडी घेतलाच असता त्याची बचत योजनेच्या नावे मांडणेही रास्त नाही.

शेवटचा मुद्दा बचत कोणाची, हा. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्यास शेतीपंप बदलण्याचा देशातला पहिला पथदर्शी प्रकल्प झाला. २,२०९ जुने पंप काढून कार्यक्षम पंप बसवले गेले, आणि त्याचा खर्च शेतकऱ्यावर टाकला नव्हता. टाकता आलाही नसता. ज्याचे बिल अश्वशक्तीवर आकारले जाते त्याने वीज वाचवली काय नि जाळली काय, त्याच्या खिशात पैसाही पडत नाही. महाराष्ट्रात तर २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजच मोफत केली आहे. अशा शेतकऱ्याला बिलातून फेडावयाचे कर्ज देऊ म्हटले, तर बिल शून्य आणि बचतही शून्य. वाचलेल्या प्रत्येक युनिटाचा लाभ वितरण कंपनीला आणि अनुदान देणाऱ्या सरकारला होतो. तेव्हा पंपाचे कर्ज त्यांच्याच खात्यावर पडले पाहिजे.